बाजेच्या चौथ्या खुराबाबत

मी, रत्नपाल ज्ञानोबा सोनकांबळे, वय सत्तेचाळीस, धंदा हायस्कुलात मराठी शिकवणे, राहणार ठाणाकुशनूर, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत लिहीत आहे. आमच्या गल्लीतले वकील अंकुशराव म्हणाले की कन्नडमध्ये लिहा, कचेरीत सोयीचं जाईल. मला कन्नड चांगलं येतं, पण चूक कबूल करायची वेळ आली की मराठीच येतं. डोकं ठिकाणावर आहे. खात्रीसाठी आज सकाळी दहावीचे चौदा निबंध तपासले आणि एकाही निबंधात मला खोल अर्थ दिसला नाही. जबरदस्ती कोणाची नाही. असलीच तर उलट बाजूची आहे. माझी बायको पंचशीला सकाळपासून म्हणते आहे की असलं अभद्र लिहीत बसू नका, इकडं येऊन शेंगा सोला.

लिहिण्याची कारणं दोन. एक, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि येत्या चोवीस तारखेला हैदराबादला ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, साधं आहे. मीही मुलांना गणिताच्या पेपराआधी तसंच सांगतो. दुसरं कारण म्हणजे आमच्यावर पुस्तक लिहिलेले प्राध्यापक डॉक्टर शिवप्रसाद यांचं पत्र. माझ्या आजाराची बातमी त्यांना शाळेतून कळली आणि आठ दिवसांत आमच्या घरच्या टेपा त्यांना देण्याचं छापील दानपत्र टपालाने आलं. सोबत ओळ होती: "आपल्या पश्चात हा ठेवा विखुरला जाऊ नये, एवढीच तळमळ." सही कुठे करायची तिथे त्यांनी पेन्सिलीने फुलीही मारून ठेवली होती. ती फुली पाहिली आणि मी लिहायला बसलो; किळस आली की मी लिहितो. ही सवय जुनी आहे.

कलम एक. दोन खोल्या, एक ओसरी आणि मागचं न्हाणीघर असं घर पंचशीलाला. ते आजही तिचंच आहे, कागदावर तेवढं माझं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेलाय असं तिने मला सात वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हा मी ते त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं. तिला वाटलं, मी गवंड्याला सांगितलं. या घरातली माझी बरीचशी कामं अशीच झालेली आहेत.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि नोकरीचं जे काही मिळेल ते पंचशीला आणि मुलगी प्रेरणा यांना निम्मं निम्मं. स्कूटर प्रेरणाला. पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. शेत माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर आहे. त्यावर बोलायचा मला हक्क नाही.

कलम तीन. सत्तावीस वर्षांच्या डायऱ्या पंचशीलाच्या ताब्यात राहाव्यात. तिने त्या कधी उघडल्या नाहीत. माझं अक्षर लागत नाही असं ती म्हणते. फळ्यावरचं माझं अक्षर अख्ख्या गावाला लागतं, तेव्हा हा तिचा समजूतदारपणा आहे हे मला कळतं. डायऱ्या डॉ. शिवप्रसाद यांना देऊ नयेत. त्यांनी मागितल्या तर भिंतीचा तडा दाखवावा. त्यात त्यांना तेवढंच सापडेल.

कलम चार. टेपांबाबत. हे कलम लांबेल. मी काय देतो आहे ते समजल्याशिवाय कोणाला देतो आहे ते समजायचं नाही.

माझे वडील ज्ञानोबा, वय एकाहत्तर, हे जत्रेतून सोंगं करायचे. त्यांचं नाव झालं ते "जावयाची बाज" या एका सोंगामुळे. धोंड्याच्या महिन्यात जावई सासरी येतो. सासऱ्याच्या घरी सुतळीची एकच बाज, आणि तिचा एक खूर मोडलेला. जावयाला हे कळू नये म्हणून सासरा बाजेखाली शिरतो, ओणवा होतो आणि स्वतःच चौथा खूर होऊन राहतो. जावई वर आडवा पडून गप्पा मारतो आणि सासरा खालून उत्तरं देतो. जावयाला वाटतं सासरा पलीकडच्या खोलीत आहे. एवढंच सोंग. कधी वीस मिनिटं चालायचं, कधी दीड तास. समोर माणसं कन्नड असली तर कन्नडमध्ये, मुसलमान मोहल्ला असला तर दखनीत, आणि बहुतेक वेळा सगळ्यांची मिसळ. जावई व्हायचे आमच्याच गावचे शिवशरण. आता ते स्टँडजवळ हॉटेल चालवतात.

हे सोंग कोणी रचलं नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना जनवाड्याच्या जत्रेत दुसरंच काही चालू होतं आणि मागून आणलेल्या बाजेचा खूर खरोखर मोडला. वर शिवशरण होते. ते पडू नयेत म्हणून आप्पा खाली शिरले आणि खालूनच बोलत राहिले. लोक हसून हसून रडले. दुसऱ्या वर्षापासून खूर मोडायची गरज राहिली नाही. एका खुराला लाल चिंधी बांधली की तो मोडलेला आहे असं सगळ्यांनी समजायचं.

बाज मात्र आपली न्यायची नाही, हा आप्पांचा नियम. ज्या गावात सोंग त्या गावातून मागायची, आणि तीही ज्या घरी त्या वर्षी जावई आला असेल त्या घरची. दुपारीच गावात जायचं, पारावर बसायचं, जावई कोण, काय करतो, सासऱ्याशी कशावरून रुसला ते काढून घ्यायचं. मग तो जावई पुढच्या रांगेत, त्याच्या सासऱ्याची बाज वर, आणि बाजेखाली आप्पा. बाज देणारी घरं बहुधा थोरामोठ्यांची असत. खाली शिरणारा माणूस आमच्या वस्तीतला. हे सांगण्यासारखं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, कारण ते सगळ्यांना दिसत होतं.

१९९९ साली एका गावात आम्ही बाज परत केली तेव्हा त्या घराने ती आत घेतली नाही. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत. बाज अंगणात उभी करून ठेवली. आठ दिवस. का ते त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. माझ्या त्या दिवशीच्या डायरीत फक्त एवढं आहे: "बाज परत केली. ऊन फार." दुसऱ्या वर्षी आप्पा त्याच गावात गेले आणि त्याच घरी जाऊन तीच बाज मागितली. नाही म्हणायची त्यांना लाज वाटली असावी. सोंग सुरू झालं, शिवशरण वर आडवे झाले आणि म्हणाले, "मामा, बाजंत ढेकूण तर न्हाईत न्हवं?" खालून आप्पा म्हणाले, "निवांत निजा, पाव्हणं. ही बाज गेल्या साली आठ दिस अंगणात ऊन खाऊन आलीया. ढेकनाचं पोरगंबी न्हाई हिच्यात. असली सोवळी बाज तालुक्यात दुसरी गावायची न्हाई."

सगळं गाव हसलं. घरमालकही हसला, आणि मधेच थांबला. मी टेप घेऊन त्याच्या जवळच बसलो होतो, त्याचा चेहरा मी पाहिला. त्या वर्षी बाज अंगणात किती दिवस राहिली मला माहीत नाही. मी बघायला गेलो नाही.

तर अशा एक्केचाळीस टेपा आहेत. पत्र्याच्या पेटीत, कपाटावर.

कलम पाच. डॉ. शिवप्रसाद यांच्याबाबत. फेब्रुवारी २०१९ मध्ये हे गृहस्थ एका मोठ्या विद्यापीठातून आमच्या घरी तीन दिवस आले. सज्जन आहेत, हे आधी लिहून ठेवतो. आवाज चढवत नाहीत, चप्पल बाहेर काढतात. त्यांनी आप्पांना ओसरीवर बसवून विचारलं:

"खालच्या अवकाशातून बोलणं, ही तुमची निवड राजकीय आहे का?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आणि मधेच खोकणं? संवादाची सलगता मोडण्यासाठी?"

"व्हय की."

"लाल कापड अर्थातच योगायोग नसावा."

"न्हाई न्हाई. तेबी व्हय."

शिवशरण शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला "हौदु, हौदु", म्हणजे होय होय, म्हणत होते. ते मनातून कन्नड आहेत. आमच्याकडे दारात आलेल्या पाहुण्याचं बोलणं खोडत नाहीत. त्याला चहा देतात आणि व्हय म्हणतात, आणि तो समाधानाने गेला की मग काय ते आपसात बोलतात. ही रीत ठाऊक नसलेल्या माणसाने आमच्या भागात येऊन प्रश्न विचारू नयेत, उत्तरं द्यावीत. तेवढंच पुण्य.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. "अधःस्थित देह आणि सीमांत शयनावकाश." शयनावकाश म्हणजे बाज. तीनशे बारा पानांत बाज हा शब्द नाही. खोकल्यावर एक प्रकरण आहे, "श्वासखंड: प्रतिरोधाचे व्याकरण". आप्पा खोकायचे कारण सुतळीची धूळ नाकातोंडात जायची. लाल चिंधीत त्यांना गतकालीन क्रांतीचा अवशेष दिसला. ती माझ्या आईच्या, भागाबाईच्या, जुन्या लुगड्याची होती. एका साली लाल चिंधी सापडली नाही म्हणून हिरवी बांधली होती. त्यावर वेगळं परिशिष्ट आहे. पंचशीलाने दिलेल्या बिनदुधाच्या चहावर तळटीप आहे: "दुग्धाची अनुपस्थिती ही पाहुणचाराच्या वर्चस्ववादी संकेताला दिलेली नम्र बगल." दूध नासलं होतं. पंचशीलाला मी ती टीप वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा आले तर उपाशी बसवते, त्यावर अख्खं पुस्तक काढतील."

आप्पा त्या पुस्तकात "माहितीदार क्र. १" आहेत, शिवशरण क्र. २, मी क्र. ३. पंचशीलाला क्रमांक नाही. ती नुसती दुग्धाची अनुपस्थिती आहे.

त्यातलं एक वाक्य मी जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मी द्वेषाने लिहितो आहे असं कोणी म्हणू नये: "शयनावकाशाच्या अधोभागी स्थित हा देह आधारभूततेची अनुपस्थिती स्वतःच्या उपस्थितीने अधोरेखित करीत प्रादेशिक अस्मितेच्या स्तंभहीनतेला एक उच्छ्वासित प्रतिकथन बहाल करतो." म्हणजे आप्पा बाजेखाली बसले. हे वाक्य मी एकदा दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि याचा भाव सांगा म्हणालो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, कुणी वारलंय का?"

मला शिसारी नेमकी कशाची आली हे मी अनेकदा तपासलं आहे. अवघड शब्दांची नाही. माझंही एम.ए. मराठीत झालं आहे, आणि तसले शब्द मीही परीक्षेत पोतं ओतावं तसे ओतले आहेत. आमच्यासारख्यांवर कोणी लिहू नये असंही मला वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. शिसारी याची आली की तीन दिवस टेपा ऐकून हा माणूस एकदाही हसला नाही. कानाला हेडफोनचं यंत्र लावून बसायचा. टेप लावली की घरातली, शेजारची माणसं आपोआप जमायची, आणि त्यांना आवाजच यायचा नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, तो हसला की आपणही हसू म्हणून. तो लिहीत राहायचा. आठ दिवस अंगणात उभ्या राहिलेल्या बाजेची टेपही त्याने ऐकली. तिच्यावर पुस्तकात अर्धी ओळ आहे: "कीटक-रूपकाचा वापर."

हे सगळं मी प्रेरणाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बाजेचं खोटं त्यांनी लिहिलं हे कबूल. पण खरं तुम्ही तरी कुठं लिहिलं? 'ऊन फार', एवढंच ना?" वर कलम चारमध्ये ते पहिल्यांदा लिहिलं, तेही मरायची शक्यता आहे म्हणून.

पुस्तकाची प्रत कोणाला द्यावी याचा विचार केला. जाळू नये. आमच्या समाजात पुस्तक जाळल्याचा एकच प्रसंग सांगितला जातो, आणि त्या पंक्तीत बसायची याची लायकी नाही. शिवशरणने भजी बांधायला घ्यावं म्हटलं तर ते म्हणाले की कागद गुळगुळीत आहे, तेल पीत नाही. म्हणून ते घरातच राहू द्यावं. पान एकशे अठरावर माझा गुन्हा छापलेला आहे आणि तो प्रेरणाला दिसला पाहिजे.

कलम सहा. पान एकशे अठराबाबत. त्या पानावर असं आहे की बाजेचे चार खूर म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातल्या चार भाषा, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. राज्यं भाषेवर वाटली गेली तेव्हा बाज मोडली, आणि सीमेवरचा माणूस चौथा खूर होऊन ती अजून पाठीवर पेलतो आहे. खाली आधार दिला आहे: "माहितीदार क्र. १ यांचे कथन."

हे आप्पा कधीही बोलले नाहीत. हे मी बोललो. तिसऱ्या दिवशी दूध नासलं म्हणून आप्पा शेजारी दूध बघायला गेले होते. प्राध्यापक वहीतून मान वर करत नव्हते. मी तीन दिवस नुसता बसून होतो आणि माझं एम.ए. माझ्या आत कुजत होतं. मला त्यांनी एकदा तरी वर बघावं असं वाटलं. म्हणून मी ते चार भाषांचं बोललो. त्यांनी वर बघितलं. त्या दिवशीची डायरी माझ्यासमोर आहे: "आज मी चांगलं बोललो." हे चार शब्द वाचताना मला जी किळस येते ती त्या तीनशे बारा पानांनीही येत नाही.

बाजेला चार खूर असतात, कारण बाजेला चार खूर असतात.

त्यांनी माझं बोलणं आप्पांच्या नावावर घातलं, कारण मास्तराच्या तोंडून ते नुसतं हुशारीचं दिसलं असतं. मी हरकत घेतली नाही. प्रकाशनाला आप्पांना नेलं, शाल दिली, पहिल्या खुर्चीवर बसवलं. सहा जण बोलले आणि सहाही जण चौथ्या खुरावर बोलले. परतीच्या बसमध्ये आप्पांनी विचारलं, "रत्ना, माज्या नावानं काय छापलंय ते वाचून दाखिव." मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे मी बोललो हुतो?" मी म्हणालो, "बोललात की, आप्पा." भालकी गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "मग मी कोन्ता खूर हाय रं? उर्दूचा का तेलगूचा?"

त्यानंतरच्या वर्षी जनवाड्याला सोंग लागलं. आप्पा बाजेखाली शिरले. शिवशरणने वरून नेहमीसारखी सुरुवात केली, "मामा, जेवान झकास झालं बगा." खालून काही नाही. शिवशरण म्हणाले, "मामा, निजलासा काय?" बराच वेळ गेला. मग खालून आप्पांचा आवाज आला, भाषण करावं तसा: "ही बाज चार भाषेची हाय." कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला जावई मोबाईल बघायला लागला. शिवशरणने दोनदा सावरायचा प्रयत्न केला. आप्पा बाहेर आले, उभे राहिले, लोकांना हात जोडले आणि खाली उतरले. त्यानंतर सोंग नाही. तीन वर्षं झाली. विचारलं की म्हणतात, "आदी खाली बसलं की बोलणं आपसूक यायचं. आता आदी अर्थ येतंय, मग बोलणं. तवर लोक उटून जायलेत."

म्हणून मी या मृत्युपत्राने जाहीर करतो की पान एकशे अठरावरचा अर्थ माझा आहे, खोटा आहे आणि मी तो परत घेतो. माझ्या पश्चात हे कलम आप्पांना मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे त्यांचं सोंग त्यांना परत मिळेल.

कलम सात. वरचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला, कारण ते वाक्य हरामखोरीचं आहे. मी मेलो तर हे कलम वाचलं जाईल, आणि पोरगा गेलेल्या बापाला बाजेखाली कोण बसवणार? मी वाचलो तर हे कलम कोणी उघडणारच नाही. म्हणजे दोन्हीकडून आप्पांना काहीच मिळत नाही. मला मात्र कबुली दिल्याचं समाधान आत्ताच मिळालं. हेही पान एकशे अठराच झालं.

तेव्हा कागद घेऊन मी ओसरीवर गेलो. आप्पा तुरीला लावायचं औषध कोणतं ते बाटलीवर वाचत होते. मी कलम सहा वाचून दाखवलं. सगळं. तिथे काय झालं ते आता परत बसून लिहितो आहे.

आप्पा म्हणाले, "तूच बोललास ते ठावं हाय की."

"कसं? तुम्ही दुधाला गेला होता."

"दूद कुटं मिळालं? माघारी आलो हुतो. दारातच हुबा हुतो. तू बोलायलास म्हणून आत आलो न्हाई."

"मग बसमध्ये कामून विचारलंत?"

"बगावं म्हनलं, मास्तर काय म्हंतोय. तू म्हनलास, बोललात की. मग म्हनलं, असू दे."

मी विचारलं, "असू दे कामून? तुमचं सोंग बुडालं त्यात."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "तू कालेजात असल्यापास्नं टेप घिऊन माज्या संगट यायचास. पर पोरं भेटली की म्हनायचास, मी हितं कामाला आलोय. बाप बाजंखाली हाय म्हणून कदी सांगितलं न्हाईस. मला कळत न्हवतं व्हय? त्या दिशी त्या सायबापुढं बोलताना तुजं तोंड असं उजळलं हुतं, की मला वाटलं, ह्याला पयल्यांदा माजी लाज वाटंना झालीया. मग म्हनलं, आपुन तेवडं चार भाषेचं हुऊ. पोरासाटी. न्हाई जमलं."

मी सत्तावीस वर्षं रोज लिहितो आहे आणि हे मला एकदाही लिहिता आलं नाही. म्हणून इथे, साक्षीदारांच्या सह्या होणाऱ्या कागदावर लिहितो: मला माझ्या वडिलांच्या धंद्याची लाज वाटत होती. मी त्याला अर्थ चिकटवला तो लाज झाकायला. प्राध्यापकांना निदान लाज झाकायची नव्हती, त्यांना फक्त पुस्तक काढायचं होतं. त्या हिशेबाने आमच्या दोघांत जास्त किळसवाणा कोण, ते मी ठरवून ठेवलं आहे.

आप्पांना मी हे तोंडाने पण सांगितलं. "वाटत होती, आप्पा. आता वाटत नाही." ते "बरं" म्हणाले. त्यांनी बाटली परत उचलली. मग त्यांनी विचारलं, "हैदराबादचं त्या शिवप्रसादला कळवलंस का?"

मी म्हणालो, "त्यांना शाळेतून आधीच कळलंय."

"मग डाक्टरला सांगून ठिव. जुनी झडप भाईर काडली की लगीच पुरून टाका म्हणावं. न्हाईतर हा गडी घिऊन जातोय, आन्‌ मिटत न्हवती म्हणून कुनाकुनाला नकार देत हुती त्यावर तीनशे पानं काडतोय."

मी हसलो. हसताना छातीत दुखलं, तरी हसलो. आतून पंचशीलाही हसली. ती कधीपासून ऐकत होती माहीत नाही. आप्पा आमच्याकडे बघत होते, कुठे थांबायचं आणि पुढचं कधी बोलायचं ते मापत. तसं बघताना मी त्यांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मान थोडी तिरकी करून ते म्हणाले, "तुजी आय गेली तवा तिचं मंगळसूत्र कुनाला द्यायचं ह्यावर अर्धा दिस गेला. तू झडपीचं आदीच लिवून ठिव, मास्तर."

तेव्हा लिहितो. झडप कोणालाही देऊ नये.

कलम आठ. कलम चारमधल्या टेपा मी आप्पांच्या नावे करणार होतो. त्यांनी नको म्हटलं. "मी हाय की. टेपा कशाला?" म्हणून त्या प्रेरणाला. तिने त्यावर लिहावं की न लिहावं हे ती ठरवेल. अट एकच, पहिल्यांदा ऐकताना एकटीने कानाला यंत्र लावून ऐकू नये. चार माणसांत ऐकावं आणि ती कुठे हसतात ते बघावं. डॉ. शिवप्रसाद यांनाही बोलावावं. त्यांचं छापील दानपत्र, पेन्सिलीच्या फुलीसकट, सही न करता परत पाठवलं आहे. ते आले तर त्यांना माणसांत बसवावं, वही बाहेर ठेवायला सांगावी, दूध घालून चहा द्यावा. एकदा तरी हसले तर पुढचं बोलावं. नाही हसले तर स्टँडपर्यंत सोडून यावं.

हे मृत्युपत्र मी दोन दिवसांत लिहिलं, मधे एकदा उठून. आधीचं कोणतंही मृत्युपत्र नाही. अंकुशरावांनी वाचून पाहिलं, म्हणाले, "यातलं निम्मं कायद्याच्या कामाचं नाही." मी म्हणालो, तेवढं निम्मं ठेवा. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये असंही ते म्हणाले. त्यामुळे आप्पांना साक्षीला बसता आलं. त्यांना यातलं काहीच मिळत नाही.

सह्या माझ्यासमोर, माझी सही त्यांच्यासमोर.

ठिकाण: ठाणाकुशनूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

लिहून देणार:
रत्नपाल ज्ञानोबा सोनकांबळे

साक्षीदार पहिले:
शिवशरण, राहणार ठाणाकुशनूर, वय सहासष्ट, धंदा हॉटेल
(सही कन्नडमध्ये)

साक्षीदार दुसरे:
ज्ञानोबा सोनकांबळे, राहणार ठाणाकुशनूर, वय एकाहत्तर, धंदा सोंगं करणे
(सही)

वरील दुसऱ्या साक्षीदाराच्या धंद्यापुढे अंकुशरावांनी आधी "शेती" असं लिहिलं होतं. साक्षीदाराने ते सगळ्यांसमक्ष खोडायला लावलं. खाडाखोड मला मान्य आहे. र. ज्ञा. सो.